रेडा, कालवड आणि सहा फुगे

११ सप्टेंबर २०१८, मंगळवार. दिग्रस

काल डाव्या भुवईवर तीन टाके पडले. शीला एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, त्यामुळे टाके घालणारा तरुण डॉक्टर तिच्यासमोर दबकूनच होता. तिने त्याला सांगितलं, यांना बोलतं ठेवा, भुलीची गरज पडणार नाही. मी बोंडअळीच्या नुकसानभरपाईवर बोलत राहिलो. खरंच काही जाणवलं नाही.

प्रसंग असा. दारव्ह्याची सभा आटोपून आम्ही फुलसिंगच्या जीपने परत येत होतो. फुलसिंग राठोड माझा शाळेपासूनचा मित्र, ट्रॉल्या आणि बैलगाड्या बांधण्याचं त्याचं वर्कशॉप आहे. जीप मी चालवत होतो. मागे दोन कार्यकर्ते बसले होते. वेळेअभावी सभेत माझी तिसरी मागणी राहून गेली होती, ती मी त्यांना सांगत होतो. मागणी महत्त्वाची असल्यामुळे त्यांच्याकडे बघून सांगणं भाग होतं. तेवढ्यात रस्ता वळला. जीप वळली नाही.

उकंडा खंडारेच्या कंबरभर कपाशीत वीसेक पावलं आत जाऊन आम्ही थांबलो. उकंडा बांधावरून सावकाश चालत आला. आडव्या झालेल्या झाडांकडे बघितलं, माझ्या भुवईकडे बघितलं आणि म्हणाला, "अळी कमी पडली होती काय सर, म्हून तुमी आले?"

चाळीस वर्षं मी व्यासपीठावरून एकच गोष्ट सांगत आलो आहे. माणसाला दोष देऊ नका, व्यवस्था तपासा. त्या जीपला पट्टा नाही, एअरबॅगचा फुगा नाही, कपाळ आपटतं तिथे नुसतं लोखंड. दोष कुठे आहे हे उघड आहे.

१३ सप्टेंबर

अमरावतीहून ममताचा फोन आला. शीलाने आमच्या लेकीला सगळं सांगितलेलं होतं, माझी बाजू न ऐकताच. मी ममताला आठवण दिली की तीन जानेवारीला नेरच्या कन्याशाळेत सावित्रीबाई जयंतीचं माझं भाषण असतं, गेली एकोणीस वर्षं न चुकता. येत्या जानेवारीत उत्पला साडेतीन वर्षांची झालेली असेल. नातीला स्वतः गाडीतून नेऊन पहिल्या रांगेत बसवायचं, हे मी ती जन्मली त्याच दिवशी ठरवलं होतं.

ममताने माझं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, फुलसिंगकाकांच्या जीपले एअरबॅग नाही ना. लेकराले घेऊन कशी बसू?"

मुलगी शिकली, याचा अभिमान वाटला. मुद्दा बिनतोड आहे. गाडी घ्यायची. निवृत्तीचे पैसे बँकेत झोपा काढत पडले आहेत, त्यांना कामाला लावू.

मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर शीलाला पटलं. म्हणाली, "घ्या. चांगली मजबूत घ्या. पण डिसेंबरच्या आत घेऊ नका." आमच्या घरात कोणी मुहूर्त बघत नाही, छप्पन साली माझ्या आजोबांनी पंचांग चुलीत घातलं होतं. मग हा डिसेंबर कुठून आला, मी विचारलं. ती भाजी निवडत राहिली.

२३ सप्टेंबर, रविवार

शीलासोबत यवतमाळला जाऊन तीन दुकानं पालथी घातली. कंपन्यांची नावं या वहीत लिहून त्यांची फुकट जाहिरात करणार नाही. उंच, अरुंद आणि वळताना कलते ती घोडी. छोटी, गरीब चेहऱ्याची ती कालवड. आणि काळा, रुंद, कपाळ पुढे काढून उभा असलेला तो रेडा.

कालवडीला दोन फुगे. धडक बसली की क्षणात फुगतात आणि डोकं झेलतात. दोन्ही पुढच्या माणसांसाठी. मी विचारलं, मागच्यांसाठी काय? साकेत नावाचा मुलगा गाड्या दाखवत होता, वकिलाच्या घरातला, अतिशय नम्र. तो म्हणाला, "सर, मागच्यांसाठी पुढची सीट असते."

मग मधल्या जागेचा पट्टा पाहिला. कडेच्या दोघांना खांद्यावरून येणारा पट्टा, मधल्याला नुसता कमरेचा. माझा संयम सुटला. मधल्या जागेवर कोण बसतो? ज्याला कोणी विचारलं नाही तो. घरातली म्हातारी, धाकटी सून, शेवटी आलेला पाहुणा. त्याचं धड सुटं ठेवायचं आणि कडेच्यांना बांधायचं, हा कोणता न्याय? दुकानातली पाच-सहा माणसं जमली. एकाने टाळी वाजवली. साकेतने चहा मागवला आणि सांगितलं की रेड्याला सहा फुगे आहेत आणि मधल्यालाही खांद्याचा पट्टा आहे. ही गाडी बनवणाऱ्यांत कोणीतरी विचारी माणूस असावा.

पाठकोऱ्या कॅलेंडरवर तक्ता आखला. रकाने असे: फुगे, पट्टे, चाकं अडकू न देणारे ब्रेक, दारातली आडवी दांडी, लहान मुलाची खुर्ची अडकवायचे हूक, आणि भिंतीवर आपटून बघितल्यावर मिळालेले तारे.

२८ सप्टेंबर

शीलाने नवीन छंद धरला. फुलसिंगची बायको रुपीबाई बंजारा भरतकाम फार सुंदर करते, आरसे, कवड्या वगैरे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी शीला तिच्याकडे शिकायला जाणार. निवृत्तीनंतर माणसाने हाताला काम ठेवावं. मी प्रोत्साहन दिलं. जाताना तिने कॅनव्हासचे बूट घातले होते.

६ ऑक्टोबर

फुलसिंगशी दोन तास वाद झाला. त्याचं म्हणणं, गाडी म्हणजे लोखंड, आणि लोखंड म्हणजे जाड. रेड्याचं नाक त्याने कागदावर पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "धक्का लागला का चुरगळते म्हनते. चुरगळते ते गाडी हाय का पापड? मी समोर तीन इंची पाइपाचा गार्ड मारून देतो, म्हैस बी वापस जाईन."

मी त्याला समजावलं. नाक मुद्दाम तसं केलेलं असतं. धक्का स्वतः खाऊन ते चुरगळतं, म्हणून मागचा माणूस वाचतो. नाक कडक ठेवलं की धक्का सरळ छातीत. जो सगळ्यात पुढे आहे त्याने सगळ्यात आधी मोडायचं, हे त्या गाडीचं तत्त्व आहे, आणि आपल्या पुढाऱ्यांचं नेमकं उलटं आहे. हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की वेगळ्या कागदावर लिहून ठेवलं. फुलसिंग म्हणाला, "बोलनं बराबर हाय तुहं. पन गार्ड फुकट होता."

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

उकंडाच्या गावी फवारणीची सभा. मागच्या वर्षी फवारणीच्या विषाने जिल्ह्यात जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी माणसं उघड्या तोंडाने पंप पाठीवर घेतात. तोंडाला मास्क, हाताला मोजे, डोळ्याला चष्मा, मी पाऊण तास बोललो. माणसं मन लावून ऐकत होती. सभेनंतर बघतो तर उकंडाचा सरकारी मास्क गळ्यात ताईतासारखा लोंबतो आहे.

मी विचारलं, काहून रे? तो म्हणाला, "तोंडावर घेतला का दम कोंडते सर. आन् वीस वर्सं झाले फवारून राह्यलो, मले काही नाही झालं." मग लगेच, अगदी आदराने, "तुमी गाडीत पट्टा लावता का?"

मी त्याला सांगितलं की दोन गोष्टींची तुलना होऊ शकत नाही. पट्टा लावला की माझी छाती आवळते आणि आवाज मोकळा सुटत नाही. वक्त्याची ती अडचण वेगळी. शिवाय पंचेचाळीस वर्षं वाहन चालवतो आहे, मला काही झालेलं नाही.

उकंडा माझ्या भुवईकडे बघत होता. पटलं असावं.

२१ ऑक्टोबर, रविवार

रेडा चालवून पाहिला. साकेत शेजारी, शीला मागे. धामणगाव रस्त्याने गेलो. अप्रतिम गाडी. मी साकेतला समतेचं तत्त्व आणि फुग्यांची वाटणी यांतला संबंध उलगडून दाखवला. मुलगा इतका तल्लीन होऊन ऐकत होता की दारावरचा दांडा त्याने दोन्ही हातांनी धरला होता आणि पापणी लवत नव्हती. एका ठिकाणी म्हशींनी अचानक दिशा बदलली, पण ब्रेक खरोखर उत्तम आहेत. परतल्यावर तो दोन ग्लास पाणी प्यायला. तरुण पिढी वैचारिक बोलण्याला भुकेली आहे, आपण उगाच त्यांना नावं ठेवतो.

शीला संपूर्ण वेळ माझ्या पायांकडे वाकून बघत होती. चप्पल जुनी झाली आहे हे मलाही कळतं.

२ नोव्हेंबर

शीलाचा डावा पाय दुखतो. तिने मला गुडघ्याखाली तेल चोळायला लावलं. विचारलं तर म्हणाली, भरतकामाने. भरतकामात डाव्या पायाचं काय काम असतं ते मला समजलं नाही, पण बायकांच्या कलांबद्दल पुरुषांनी माहिती नसताना बोलू नये असं मी स्वतःच तीन भाषणांत सांगितलं आहे. तेल चोळत राहिलो. पाच आठवडे झाले, एक रुमालही भरून झालेला नाही. कला सोपी नसते.

१० नोव्हेंबर

दिवाळीच्या सुटीत ममता आणि उत्पला आल्या. अमरावतीहून एसटीने. मी न्यायला येतो म्हणालो होतो, फुलसिंगची जीप तयार होती, तरीही एसटीने.

उत्पलाने माझ्या टाक्यांच्या खुणेवर बोट ठेवलं आणि विचारलं, आजोबा, तुम्ही पडले? मी म्हटलं, जीप पडली.

जेवताना मी ममतासमोर तक्ता उलगडला. रेडा: फुगे सहा, पट्टे पाच, तारे भरपूर. ती म्हणाली, पण लेकरासाठी खुर्चीचे हूक? मी तो रकाना दाखवला, दोन हूक. ती म्हणाली, पण मोठी गाडी वळणावर उलटते म्हणतात. घसरण सावरणारी यंत्रणा आहे, मी दाखवलं. ती म्हणाली, पण रस्ते खराब आहेत. मग मात्र मी तर्काने तिला घेरलं. एसटीला फुगा आहे का? नाही. पट्टा आहे का? नाही. तारे आहेत का? कोणी आपटूनच पाहिलेली नाही. मग सहा फुग्यांची गाडी नको आणि एसटी चालते, हे कसं?

ममता ताटातला भात चिवडत म्हणाली, "एसटीचा ड्रायव्हर समोर पाह्यते, बाबा."

विषयांतर. उत्तर नसलं की माणसं विषय बदलतात, हे मी विधानसभेच्या तीन उमेदवारांच्या बाबतीत अनुभवलं आहे. शीला आमटी आणायला उठली ती बराच वेळ आत हसत होती. आमटीत काय होतं कोण जाणे.

पण नंतर मन लागेना. उत्पला माझ्या गाडीत बसणार नाही, असं तर ममताला म्हणायचं नाही ना? असं असतं तर तिने सरळ सांगितलं असतं. आमच्या घरात विचारस्वातंत्र्य आहे.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

शीला दात दाखवायला सकाळच्या गाडीने यवतमाळला गेली. सोबत रुपीबाई आणि फुलसिंग. एका दातासाठी तीन माणसं. संध्याकाळी परत आली ती अर्धा किलो जिलबी घेऊन. डॉक्टरने चालेल म्हटलं, म्हणाली. चेहऱ्यावर असं तेज की मी विचारलं, दात काढला की बसवला? तर म्हणाली, "पास झाला."

२ डिसेंबर, रविवार

रेडा घरी आला. फुलसिंगने हार घातला. गार्ड लावू दिला नाही म्हणून त्याचं तोंड अजून उतरलेलं. पट्टा लावला नाही की गाडी टुंईटुंई करून ओरडते. बसस्टँडजवळच्या दुकानात पट्ट्याचं नुसतं बक्कल सुटं मिळतं, ते खाचेत खोचलं की ओरडणं बंद. मी घेतलं. आता आवाज मोकळा सुटतो.

१५ डिसेंबर, शनिवार

संताप आवरत नाही, तरी लिहितो, कारण पुरावा राहिला पाहिजे.

सकाळी रामलालशेठच्या जिनिंग कारखान्यात गाडी दाखवायला नेली. रामलालशेठ आणि फुलसिंग मागे बसले. अंगणात वेचून आलेल्या कापसाचे ढीग, घराच्या छपराएवढे. शेठने ब्रेकबद्दल विचारलं. मी म्हटलं, सांगत कशाला बसू, ढिगापासून चार हातांवर उभी करून दाखवतो. जाता जाता, चाकं अडकली तर गाडी घसरते आणि अडकली नाहीत तर सुकाणू आपल्या हातात राहतं, हे मी मागे वळून त्यांना समजावत होतो. दोन्ही हातांनी चाकांची अवस्था दाखवत होतो. गाडी ढिगात शिरली.

काचेसमोर सगळं पांढरं. कुठे काही आवाज नाही. आणि सहापैकी एकही फुगा उघडला नाही.

एकही नाही. एवढी जाहिरात, एवढे तारे, आणि प्रत्यक्ष धडकेच्या वेळी सहाच्या सहा झोपलेले. ही उघड फसवणूक आहे. ढिगाच्या पलीकडे एक बाई जेवत बसली होती, तिच्या अंगावर थोडा कापूस ढासळला, तिला काही झालं नाही. पण फुगे का उघडले नाहीत याचं उत्तर मी घेतल्याशिवाय राहणार नाही. चार पानांचं पत्र लिहिलं आहे.

१७ डिसेंबर

साकेतला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग अतिशय सौम्यपणे म्हणाला, "सर, फुगे जोराच्या धक्क्याला उघडतात. कापसात शिरल्यावर गाडीला वाटलं, आपण गादीवर आडवे झालो. आणि सर, पट्टा लावला होता ना? पट्ट्याशिवाय फुगाच तोंडावर बसतो."

मी म्हटलं, बक्कल लावलेलं होतं. हे खरं आहे.

त्याचं स्पष्टीकरण मला मान्य नाही. साक्षीदार हवा. रामलालशेठ कंपनीविरुद्ध बोलायला तयार नाही आणि फुलसिंग म्हणतो, डोळे मिटले होते. ढिगामागच्या त्या बाईचा जबाब घ्यावा.

१८ डिसेंबर, मंगळवार

तिचं नाव कोकिळा. नेरकडच्या एका गावची आहे, हंगामात जिनिंगवर कापूस निवडायला येते. मी कागद-पेन घेऊन गेलो होतो. तिने मला बसायला पोतं दिलं.

मी विचारलं, त्या दिवशी गाडी ढिगावर आदळली तेव्हा फुगे उघडल्याचा आवाज ऐकला का? ती म्हणाली, आवाज नाही ऐकला. ज्वारीची भाकर हातात होती, वांग्याची भाजी होती. एकाएकी समोरचा ढीग हलला आणि अंगावर आला. डोळे, नाक, तोंड, सगळं कापसाने भरलं. वर कोणतं, खाली कोणतं, कळत नव्हतं. ती म्हणाली, "मले वाटलं मी मेली. मंग वाटलं, मरून माणूस पांढरं होते काय."

बाजूच्या बायका हसल्या. तीही हसली. मीही हसलो असतो, पण भाकरीचा राहिलेला तुकडा आपण कापसात कसा शोधला ते तिने हाताने करून दाखवलं.

मी कागद पुढे केला. म्हटलं, ताई, सहा फुगे असून एकही उघडला नाही, एवढंच लिहून अंगठा किंवा सही द्या.

तिने कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तुमचे सहा उघडले असते त मले काय होते, सर? मी त बाहेर होती."

तिथून घरी कसा आलो आठवत नाही. पायी आलो एवढं नक्की, कारण गाडी जिनिंगच्या फाटकातच राहिली आहे.

१९ डिसेंबर

तक्ता काढून बसलो. तीन गाड्या, सहा रकाने, लाल शाई, निळी शाई. पुढच्याचं डोकं, मागच्याचं डोकं, मधल्याची छाती, लेकराची खुर्ची. सातवा रकाना आखला: बाहेरचा माणूस. घोडीसमोर काय लिहू? कालवडीसमोर? रेड्यासमोर? साकेतला फोन करून विचारलं. तो म्हणाला, त्यासाठी वेगळं असं काही नाही सर, ते चालवणाऱ्यावर असतं.

मधल्या माणसाच्या पट्ट्यासाठी मी दुकानात भाषण केलं. टाळी घेतली. आणि ढिगामागे भाकर खाणाऱ्या बाईला एका ओळीत उरकलं, "थोडा कापूस ढासळला." तीच ओळ चार दिवसांपूर्वी या वहीत लिहिलेली आहे. खोडत नाही. पुरावा राहिला पाहिजे, असं मीच म्हटलं होतं.

पत्र फाडलं.

२० डिसेंबर, गुरुवार

सकाळी चहा घेताना शीलाला सांगितलं, मी यापुढे गाडी चालवणार नाही. व्यवस्थेचा दोष शोधून झाला, त्यात मला मी सापडलो. तिने कप खाली ठेवला. माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

मी म्हटलं, एखादा ड्रायव्हर बघू. नाहीतर रेडा विकून टाकू. तीन जानेवारीला नेरला एसटीने जातो. उत्पला येईल तेव्हा येईल.

शीला आत गेली. रुपीबाईच्या भरतकामाची पिशवी घेऊन आली. मला वाटलं, शेवटी एकदाचा रुमाल दाखवणार. पिशवीतून तिने एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. तिचा फोटो, तिचं नाव, हलकी चारचाकी, सत्तावीस नोव्हेंबर.

मी मागची पानं चाळली. कॅनव्हासचे बूट. डावा पाय, म्हणजे क्लच. माझ्या पायांकडे वाकून बघणं. जिलबी. "पास झाला." सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे आणि एकही गोष्ट मी वाचलेली नाही. मी, ज्याच्या घरात पुस्तकांना जागा नाही म्हणून धान्याची कोठी बाहेर ठेवावी लागते.

मी विचारलं, कोण शिकवत होतं? फुलसिंग, त्याच जीपवर. ममताला माहीत होतं? होय. साकेतला? त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग मलाच काहून नाही सांगितलं?

ती म्हणाली, "तुमाले व्यासपीठावरून कोणी उतरवलं आहे काय आजवर? तुमी स्वतःहून उतरले तवाच उतरले." मग कपाकडे बघत, जरा हळू, "पण माझंबी चुकलं. दोन तारखेलाच बोलली असती त त्या बाईची भाकर सांडली नसती."

मी कार्ड उचलून तिच्या हातात दिलं. मग ती म्हणाली, चला, गाडी फाटकात उभी आहे, लोकांच्या गाड्या अडल्या असतील. तिने रेडा फाटकातून मागे काढला. एका हाताचं अंतर दोन्ही बाजूंना. कोकिळाबाई आणि बाकीच्या बायका निवडणं थांबवून बघत होत्या. शीलाने काच खाली केली आणि कोकिळाबाईंना विचारलं, नेरकडं कधी जाणं आहे? सोडून देऊ.

२५ डिसेंबर

ममताचा फोन. सुटीला येते म्हणाली. मग विचारलं, "तीन तारखेले कोण चालवते?" मी म्हटलं, तुझी आई. पलीकडून ममता रडक्या आवाजात म्हणाली, खुर्चीचे हूक कोणत्या बाजूला आहेत ते सांगा, मी खुर्ची घेऊन येते.

फुग्यांबद्दल तिने काही विचारलं नाही.

३१ डिसेंबर

सुटं बक्कल फुलसिंगला दिलं. कशाला, म्हणाला. मी म्हटलं, वितळव.

३ जानेवारी २०१९, गुरुवार. नेर

शाळेच्या ऑफिसात बसून लिहितो आहे. कार्यक्रमाला अवकाश आहे, मुख्याध्यापिका हार शोधायला गेल्या आहेत.

सकाळी दिग्रसहून निघालो. शीला चालवायला, तिच्या शेजारी ममता. मागे एका कडेला उत्पला तिच्या खुर्चीत, दुसऱ्या कडेला कोकिळाबाई, त्यांना गावी सोडायचं होतं. मधली जागा उरली. त्या जागेवर मी बसलो. ज्याला कोणी विचारलं नाही तो. खांद्यावरून पट्टा ओढून घेतला. छाती आवळते हे खरं आहे. आवाज मात्र सुटतो. एवढी वर्षं मी उगाच म्हणत होतो.

दारव्ह्याच्या आधी उकंडाच्या शेताजवळचं वळण आलं. शीलाने वेग कमी केला, गाडी वळली. त्या वळणात काहीही विशेष नाही. शेतात उकंडा वेचणी करत होता, त्याने हात वर केला. त्याच्या गळ्यात मास्क अजून तसाच लोंबत होता. मी काचेकडे वाकून माझा पट्टा ओढून दाखवला. त्याला दिसलं की नाही माहीत नाही.

पुढे मी आजच्या भाषणाची उजळणी सुरू केली. पुण्यात अंगावर शेण झेलत शाळेत जाणारी बाई, बदललेलं लुगडं, बायकांच्या हाती आलेली पाटी. गेली एकोणीस वर्षं मी हे सांगत आलो आहे, एकोणीस वर्षं बायका रडल्या आहेत. कोकिळाबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. ममताने दोनदा मान हलवली. तीन मुद्दे मला स्वतःलाच नव्याने सुचले. एक तर इतका चांगला होता की मी थांबून शीलाच्या मानेकडे बघितलं.

तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

उत्पला झोपली होती. तोंड उघडं, डोकं खुर्चीच्या कडेला टेकलेलं. माझ्या भाषणात कोणी झोपलं तर मी त्याला नाव घेऊन उठवतो, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. मी आवाज खाली केला, आणि नेर येईपर्यंत तसाच बोलत राहिलो.